देवीच्या साथीतील शुश्रूषा : फादर जोसेफ वाझ

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर आजही एक गोल वण दिसतो. लहानपणी 'देवी काढल्याची' ती खूण. त्यानंतरच्या पिढ्यांच्या दंडावर ती नाही, कारण देवीचा रोगच जगातून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी तसे जाहीर केले. या रोगाची लस एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये शोधली. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला.

पण त्याआधी शेकडो वर्षे देवीच्या साथी येतच होत्या. लस नव्हती, औषध नव्हते, रोग कशामुळे होतो हेही ठाऊक नव्हते. साथ आली की धडधाकट माणसे गाव सोडत आणि अंगावर फोड उठलेली माणसे मागे राहत. त्यांना पाणी कोण पाजणार, अंग कोण पुसणार आणि मेल्यावर माती कोण देणार, हे प्रश्न उरत. सव्वातीनशे वर्षांपूर्वी श्रीलंकेतील कँडी शहरात हेच घडले, तेव्हा ही कामे अंगावर घेणारा माणूस गोव्याचा होता. त्यांचे नाव फादर जोसेफ वाझ. गोव्यात त्यांना संत जुझे वाझ म्हणून ओळखतात. धर्मगुरू म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्या आयुष्यातली ती साथ वेगळी पाहण्याजोगी आहे.

सांकवाळचे वाझ

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घर कोकणी बोलणारे, खाऊनपिऊन सुखी. पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून ते पुढील शिक्षणासाठी जुन्या गोव्यात आले आणि १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

तेव्हाचे जुने गोवे म्हणजे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी. मोठमोठी चर्चे, राजवाडे, भरलेले बंदर आणि त्याच्या जोडीला सतत येणाऱ्या साथी. तापाने आणि हगवणीने हे शहर पुढे इतके पोखरले, की लोक ते सोडून पणजीकडे सरकले आणि राजधानी ओस पडली. अशा शहरात आजाऱ्याची सेवा हे रोजचे काम होते. तिथे मिझरिकॉर्दिया ही सर्वसामान्य ख्रिस्ती गृहस्थांची संस्था होती. आजाऱ्यांची आणि कैद्यांची विचारपूस करणे, अनाथांना सांभाळणे, बेवारस मृतांना माती देणे अशी कामे तिचे सभासद करत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मृताचे दफन ही सात दयाकृत्ये कॅथलिक परंपरेत प्रत्येकाचे कर्तव्य मानली जातात. आजही चर्चच्या परिसरात घरोघर जाऊन आजाऱ्यांना भेटणारे, डबा पोहोचवणारे स्वयंसेवक दिसतात, त्यांच्या कामाचे मूळ इथे आहे. वाझ याच वातावरणात घडले.

१६८१ ते १६८४ या काळात ते मंगळूरच्या बाजूला कानडा मुलखात होते. तिथून परतल्यावर १६८५ मध्ये ते जुन्या गोव्यात नव्यानेच एकत्र आलेल्या धर्मगुरूंच्या एका मंडळात सामील झाले. हे मंडळ पुढे गोव्याची ऑरेटरी म्हणून ओळखले गेले. त्याचे सगळे सभासद गोव्याच्याच मातीतले होते. पोर्तुगीज राजवटीत देशी धर्मगुरूंना दुय्यम वागणूक मिळे. त्या काळात त्यांनी स्वतःची संस्था उभी करून चालवावी, ही मोठीच गोष्ट होती.

ज्यांना जंगलात टाकले होते

समुद्रापलीकडे श्रीलंकेत वेगळे चित्र होते. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना तिथून हुसकावले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरू मिळाला नव्हता. युरोपीय माणूस गेला असता, तर रंगावरूनच पकडला गेला असता. गोव्याचा सावळा माणूस लपू शकत होता. १६८६ मध्ये वाझ गोव्यातून निघाले. सोबत जुवांव हा सेवक होता. वाटेत त्यांनी तमिळ शिकून घेतली. १६८७ मध्ये तुतिकोरिनहून होडीने, अनवाणी भिकाऱ्याच्या वेशात, ते श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागले आणि जाफन्याला पोहोचले.

पोहोचताच वाझ यांना जोराची हगवण लागली. चरित्रकार सांगतात, की हा आजार आपल्यालाही जडेल या भीतीने लोकांनी या परक्यांना गावाबाहेर झाडीत नेऊन टाकले. पाठोपाठ जुवांवही आजारी पडला. दोघांपैकी कोणीच कोणाची सेवा करू शकत नव्हते. अशा वेळी एक बाई त्यांना तांदळाची पेज आणून देऊ लागली. त्या पेजेवर दोघेही वाचले.

त्या पेजेत चमत्कार नव्हता, शरीरशास्त्र होते. हगवणीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतडे आजारी असले तरी एक वाट उघडी राहते. ग्लुकोज आत शोषले जाते तेव्हा ते आपल्याबरोबर सोडियम म्हणजे मिठातला क्षार ओढून नेते, आणि क्षारामागून पाणी जाते. तांदळातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते. त्यामुळे मीठ घातलेली पातळ पेज हे घरातले जलसंजीवन ठरते. हे गणित विज्ञानाला विसाव्या शतकात उलगडले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, पटकीची साथ आली आणि सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे द्रावण पिंपात भरून ठेवले आणि ते पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

वाझ यांच्यापुरते पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट आहे. संसर्गाच्या भीतीने टाकून दिले जाणे म्हणजे काय, आणि कोणीतरी रोज वाटीभर पेज घेऊन येणे म्हणजे काय, हे दोन्ही त्यांनी स्वतः भोगले होते. दहा वर्षांनी ते दुसऱ्या बाजूला उभे राहिले.

राजाचा कैदी

जाफन्यात काही वर्षे लपूनछपून काम केल्यावर डचांचा ससेमिरा वाढला. १६९० मध्ये वाझ पुत्तलमकडे आणि १६९२ मध्ये डोंगराळ भागातील कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. तिथे ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची तक्रार झाली आणि दुसरा विमलधर्मसूर्य या राजाने त्यांना कैदेत टाकले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. हा माणूस निरुपद्रवी आहे, हे हळूहळू राजाच्या लक्षात आले. पहारा सैल झाला, शहरात वावरायची मुभा मिळाली. तरीही ते परके होते आणि संशयातून पूर्ण सुटले नव्हते.

१६९७ मध्ये गोव्याहून ऑरेटरीचे आणखी धर्मगुरू त्यांच्या मदतीला आले. त्यांत फादर जोसेफ कार्व्हालो हे वाझ यांचे भाचे होते. त्याच सुमारास कँडीत देवीची साथ फुटली.

देवी म्हणजे काय होते

आजच्या तरुणांनी हा रोग पाहिलेला नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. देवीचा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे, रुग्णाच्या जवळच्या सहवासातून पसरे. रुग्णाचे कपडे, अंथरूण, फोडांच्या खपल्या यांतूनही तो जाई. लागण झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवस काहीच दिसत नसे. मग कडक ताप, पाठदुखी, आणि दोन-चार दिवसांनी आधी तोंडात व मग चेहरा आणि हातपायांवर पुरळ. पुरळाचे पाण्याचे फोड होत, त्यांत पू होई, खपल्या धरत. सगळे उरकायला तीन-चार आठवडे लागत. देवीच्या तीव्र प्रकारात दर दहा रुग्णांपैकी साधारण तीन दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. मात्र एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला ती सहसा पुन्हा होत नसे.

एवढ्या भयंकर रोगाला लोकांनी देवतेचे रूप दिले. महाराष्ट्रात गावोगावी शीतलादेवी आहे, रोगाचे नावच 'देवी' पडले, आणि देवी आलेल्या घरी कडुनिंबाचे डहाळे लावत. तमिळ मुलखात मारीअम्मा आणि श्रीलंकेत पत्तिनी देवीची आराधना होई. कोप शमावा म्हणून पूजा बांधली जाई, पण अंगावर फोड आलेल्या माणसाजवळ बसायला कोणी सहसा धजत नसे.

कँडीतील साथ

साथ वाढली तसे शहर रिकामे होऊ लागले. राजा आणि दरबारी कँडी सोडून गेले. ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. ज्यांच्या अंगावर पुरळ दिसले त्यांना घरात टाकून किंवा रानात नेऊन सोडण्यात आले. घरच्या माणसांनीच हे केले. त्यात दुष्टपणापेक्षा भीती जास्त होती. एकाला वाचवताना सगळे घर जाईल, हा हिशेब तेव्हा अनेकांना खराच वाटत होता.

वाझ आणि कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी आधी रुग्ण शोधायला सुरुवात केली. रानात सोडलेल्या माणसांना गाठून त्यांच्यासाठी आडोसे उभे केले. लोक सोडून गेलेल्या घरांत आजाऱ्यांना आणून ठेवले. जिथे माणसे विखुरलेली होती, तिथे अशी कामचलाऊ रुग्णालये तयार झाली. दोघे रोज फेरी मारत. अन्न आणि पाणी पोहोचवत, अंग धूत, जखमा साफ करत, घाण काढत. अन्नासाठी आणि कापडासाठी ते लोकांकडे मदत मागत. ज्यांना कोणी नव्हते त्यांची प्रेते उचलून पुरत. आजारी माणूस बौद्ध आहे, हिंदू आहे की ख्रिस्ती, हा भेद त्यांनी सेवेत केला नाही. कँडीतील बहुसंख्य लोक बौद्ध होते, तेव्हा रुग्णही बहुतेक तेच होते.

साथ ओसरली, राजा परतला. गावात जे घडले ते त्याच्या कानावर गेले. या धर्मगुरूंनी हे केले नसते तर कँडीच्या रस्त्यांवर प्रेतांचा खच पडला असता, अशा अर्थाचे त्याचे मत चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्यानंतर वाझ यांना राज्यात कुठेही जाण्याची आणि आपले काम करण्याची मोकळीक मिळाली. ज्याला हेर म्हणून बेड्या घातल्या होत्या, त्याच्यावरचा संशय वादाने किंवा विनवणीने फिटला नव्हता. तो आजाऱ्यांच्या उशाशी बसल्याने फिटला.

औषधाविना काय साधते

वाझ वैद्य नव्हते. देवीवर त्यांच्याकडे औषध नव्हते, आणि त्या काळात जगात कोणाकडेच नव्हते. मग त्यांच्या सेवेचा उपयोग काय झाला असेल? हे समजायला देवीचा रुग्ण कशाने दगावे ते पाहावे लागते.

पहिले कारण पाणी. तोंडात आणि घशात फोड आल्यामुळे रुग्णाला गिळता येत नसे. वरून कडक ताप आणि फुटलेल्या त्वचेतून झिरपणारे पाणी. दोन-तीन दिवस कोणी घोटघोट पाणी पाजले नाही, तर तगडा माणूसही कोसळे. दुसरे कारण जंतुसंसर्ग. फुटलेल्या फोडांत इतर जंतू शिरत, रक्तात जात, फुप्फुसांत उतरत. घाणीत पडून राहिलेल्या रुग्णाला हा धोका जास्त. डोळे वेळोवेळी स्वच्छ न केल्यास दृष्टीवर बेतू शके. तिसरे कारण उपासमार. तीन आठवडे उठता न येणाऱ्या माणसाला कोणीतरी भरवावेच लागते.

म्हणजे पाणी, पातळ अन्न, स्वच्छ अंग, कोरडे अंथरूण, डोक्यावर छप्पर. यातले काहीही विषाणू मारत नाही. पण रुग्णाचे शरीर स्वतः विषाणूशी लढत असते, आणि तेवढे दिवस त्याला तगवून धरणे हेच शुश्रूषेचे काम. देवी न पाहिलेल्या समाजात साथ शिरली की घरातली सगळीच माणसे एकदम अंथरुणाला खिळत, पाणी द्यायलाही कोणी उरत नसे आणि मृत्यू वाढत. अशा वेळी बाहेरून आलेला एक हात अनेकांचे प्राण वाचवू शकतो.

रुग्णांना एका ठिकाणी आणण्याचाही फायदा होता. विखुरलेले रुग्ण एकत्र आले की त्यांची सेवा शक्य होते आणि निरोगी माणसे दूर राहतात. घाण काढल्याने दुसऱ्या आजारांना आळा बसतो. विलगीकरण आणि सेवा एकाच वेळी करता येते, हे कँडीत दिसले. लोकांनी केले होते ते निव्वळ विलगीकरण. ते सेवेपासून तुटले की त्याचा अर्थ टाकून देणे एवढाच उरतो.

मागे राहिलेली माणसे

पुढची चौदा वर्षे वाझ श्रीलंकेत गावोगाव फिरत राहिले. धर्मगुरू मोजके, गावे असंख्य. एका गावी धर्मगुरू पुन्हा यायला वर्ष लागे. म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तीत तिथल्याच गृहस्थांवर जबाबदारी सोपवली. तमिळ भागात अशा माणसांना 'मुप्पु' आणि 'अण्णावी' म्हणत. मुलांना शिकवणे, प्रार्थना चालवणे, मरणासन्न माणसाजवळ बसणे ही कामे ते करत. वाझ यांना बिशपपद देऊ केले गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले. त्यांच्यामागून १७०५ मध्ये आलेले दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस पुढे सिंहली भाषेचे मोठे लेखक झाले.

अखेरच्या काळात वाझ यांची प्रकृती ढासळली. १६ जानेवारी १७११ रोजी, साठीला तीन महिने कमी असताना, कँडीत त्यांचे निधन झाले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. त्यांचे पोर्तुगीज चरित्र गोव्याच्याच ऑरेटरीतील सेबास्तियांव दु रेगो यांनी लिहिले, ते १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

आजच्या स्वयंसेवकासाठी

देवी गेली, पण साथी गेल्या नाहीत. करोनाच्या काळात आपल्याकडेही जवळच्यांनी पाठ फिरवलेली प्रेते परक्यांनी उचलली, डबे पोहोचवले. सेवा करणाऱ्याला आज वाझ यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त उपलब्ध आहे : स्वतःला वाचवण्याचे ज्ञान. सोमालियात १९७७ मध्ये नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातील शेवटचा रुग्ण, अली माओ मालिन, हा रुग्णालयातला स्वयंपाकी होता. देवीच्या दोन रुग्णांना घेऊन निघालेल्या गाडीला वाट दाखवायला तो काही मिनिटे गाडीत बसला आणि त्याला लागण झाली. त्याने लस नीट घेतलेली नव्हती. तो बरा झाला आणि पुढे पोलिओ लसीकरणात स्वयंसेवक म्हणून काम करू लागला. लोकांना तो आपलाच दाखला देई.

म्हणून साथीत मदतीला जाणाऱ्याने आधी स्वतःच्या लसी पूर्ण कराव्यात. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, श्वसनाच्या आजारात मास्क लावावा, जखमा हाताळताना हातमोजे घालावेत. औषधे आपल्या मनाने देऊ नयेत. रुग्ण सुस्त झाला, लघवी कमी झाली, श्वास वाढला किंवा पाणी पोटात ठरेना, तर वेळ न घालवता आरोग्य केंद्रात न्यावे आणि आशाताईंना कळवावे. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला मोठी गर्दी लोटते, ऊन तापलेले असते. अशा ठिकाणी पाणपोईवर बसणाऱ्याच्या हाताशी स्वच्छ पाण्यासोबत ओआरएसची पाकिटे असली आणि एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचे हे त्याला ठाऊक असले, तर तो अनेकांच्या उपयोगी पडतो.

क्षयरोगातही हेच सूत्र लागू पडते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना सकस शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. २०२२ पासून सुरू असलेल्या 'निक्षय मित्र' योजनेत कोणीही व्यक्ती किंवा संस्था क्षयरुग्णाच्या आहाराचा भार उचलू शकते. चौकशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात करता येते. तिथे औषध मोफत मिळते. ते पोटात टिकायला आणि सहा महिने न चुकता घेतले जायला घरात शिधा लागतो आणि विचारपूस करणारे माणूस लागते. हे काम गावातल्या कोणालाही करता येण्यासारखे आहे.